साधनांवाचून गौरव

संत गुलाबराव महाराजांचे नाव निघाले की आमच्या वऱ्हाडात पहिले वाक्य ठरलेले असते: महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती आणि तरीही त्यांनी सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले. दुसरे वाक्यही बहुधा ठरलेलेच, ते म्हणजे हा केवळ चमत्कार होय. तिसरे वाक्य मात्र सहसा ऐकू येत नाही. त्या ग्रंथांपैकी अमुक एक आम्ही वाचला, त्यातील अमुक मत पटले व अमुक पटले नाही, असे सांगणारा सुशिक्षित गृहस्थ बुलढाण्यापासून अमरावतीपर्यंत शोधू गेल्यास विरळाच सापडेल. आम्हीही वयाची चाळिशी उलटेपर्यंत याच पंक्तीत बसत होतो, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे.

महाराजांचा जन्म १८८१ साली अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे झाला आणि १९१५ साली पुण्यास त्यांनी देह ठेवला. म्हणजे उणेपुरे चौतीस वर्षांचे आयुष्य. तेवढ्यात ओवी, अभंग, पदे, संस्कृत सूत्रे, गद्य प्रबंध असा विस्तार त्यांनी केला. स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवून अद्वैत व मधुराभक्ती यांचा मेळ घालणारे आपले दर्शन उभे केले. स्पेन्सर-डार्विन यांच्या मतांचा परामर्श घेतला. इतकेच नव्हे, तर 'नावंग' नावाची एक स्वतंत्र भाषाही रचली. हे सर्व वाचले की मन थक्क होते यात शंका नाही. परंतु थक्क होणे ही टीकेची सुरुवात असू शकते, शेवट नव्हे. महाराजांनी हे ग्रंथ लिहिले याचा अर्थ ते सांगत गेले आणि कोणीतरी लिहून घेत गेले. त्यांनी शास्त्रे अभ्यासली याचा अर्थ कोणीतरी पोथी पुढे घेऊन वाचत बसले. ऐकणाऱ्याची स्मरणशक्ती अलौकिक होती हे मान्य. पण वाचणारा समोर नसता तर ती कशावर चालली असती? चमत्काराच्या कथेत या वाचणाऱ्या व लिहिणाऱ्या माणसांना जागा नसते, कारण ती आली की चमत्कार थोडा उणा होतो. आमच्या मते तो उणा होत नाही, फक्त समजण्याजोगा होतो.

आणि एकदा तो समजण्याजोगा झाला, म्हणजे टीकेलाही वाट मिळते. महाराजांच्या गद्यात प्रश्नोत्तराची ठेवण वारंवार आढळते. ते बोललेले गद्य आहे, समोर कोणी शंका घेणारा बसला आहे असे गृहीत धरून चाललेले आहे. हा त्याचा मोठा गुण. शास्त्रीय परिभाषेचा भार इतका, की आजच्या वाचकास दर पानावर थांबावे लागते, हा दोष. पाश्चात्य मतांचे त्यांनी केलेले खंडन आम्हांस नेहमीच समाधानकारक वाटत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते मांडून होण्यापूर्वीच उत्तरास आरंभ होतो असे कित्येक ठिकाणी भासते. त्याचे कारण लेखकाच्या वृत्तीत शोधावे, की त्याच्यापुढे त्या विषयावरील जेवढे वाचले गेले तेवढ्यात, हा प्रश्न अभ्यासकांनी घेण्यासारखा आहे. परक्या डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या विचारांची कक्षा काही अंशी त्या डोळ्यांच्या आवडीनिवडीवर ठरते. पण असे प्रश्न विचारावे तर श्रद्धाळूंस ते उद्धटपणाचे वाटतात, आणि विद्वानांना त्यांची आवश्यकताच वाटत नाही.

इंग्रजांनी आपल्या मिल्टनला असे वागविले नाही. १६५२ पर्यंत तो पूर्ण अंध झाला होता आणि त्याचे महाकाव्य १६६७ साली प्रसिद्ध झाले. मधल्या काळात ते त्याने इतरांस सांगून लिहवून घेतले. परंतु डॉ. जॉन्सनने त्याचे चरित्र लिहिताना त्या काव्याच्या लांबीबद्दल टोमणा मारण्यास मागेपुढे पाहिले नाही. अंध कवीचे काव्य म्हणून हात राखावा असे त्याच्या मनातही आले नाही. मिल्टन आज जिवंत आहे तो अशा टीकाकारांमुळे. आमच्याकडेही एक उदाहरण आहे. अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) यांचा पाय बालपणीच पोलिओने अधू झाला. त्यांच्या गझलेवर वाद झाले, भांडणे झाली, तिची मापे काढली गेली. पण पायाकडे बघून कोणी तिला गुण दिले नाहीत. भटांना लेखणी आणि छापील पान हाताशी होते, म्हणून हे सोपे गेले असेल. जेथे पानच परके, तेथे लोक टीका सोडून दया करू लागतात.

'प्रज्ञाचक्षू' हा शब्द सुंदर आहे. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचविलेला 'दिव्यांग' हा शब्दही त्याच घराण्यातला. आम्हांस त्याविषयी तक्रार करावयाची नाही. 'पांगळा', 'आंधळा' ही हाक ज्यांनी जन्मभर ऐकली, त्यांस नवा शब्द गोड वाटला तर तो त्यांचा अधिकार. आमची शंका शब्द वापरणाऱ्यांविषयी आहे. ज्याच्या ठायी दिव्यत्व आहे असे एकदा ठरले, त्यास पुस्तक कोठून मिळणार, नाट्यगृहाच्या पायऱ्या तो कशा चढणार, या क्षुद्र चौकशा करण्याचे कारण उरत नाही.

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या माथी मारीत नाही. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावी काव्यवाचनाच्या स्पर्धेस आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. एका अंध मुलीने स्वतःची कविता म्हटली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, पुढच्या रांगेतील एकदोघींनी डोळ्यांस पदर लावला, आणि आम्ही तिघाही परीक्षकांनी एकमेकांकडे न पाहता तिला पहिला क्रमांक दिला. समारंभ आटोपल्यावर ती मैत्रिणीचा हात धरून आमच्याकडे आली व म्हणाली, "सर, कविता फार आवडली म्हणालात. कुठली ओळ आवडली?" आम्हांस एकही ओळ सांगता आली नाही. आम्ही कविता ऐकलीच नव्हती. आम्ही एका अंध मुलीस कविता म्हणताना पाहिले होते.

लाजेने म्हणा, तिची संहिता आम्ही मागून घेतली आणि घरी येऊन वाचली. कविता सामान्य होती. सांज केशरी होती, चांदणे दुधाळ होते, डोंगर निळे होते. ज्या रंगांची तिला ओळख नव्हती ते सारे रंग पाठ्यपुस्तकांतून उसने आणून तिने मांडले होते. मात्र शेवटाकडे एक जागा अशी होती की आम्ही थांबलो. घराचे लाकडी दार पावसाळी हवेने फुगते, त्याच्या कुरकुरण्याचा सूर बदलतो, आणि त्यावरून आषाढ लागल्याचे तिला कळते, असा काहीसा भाव होता. एवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती. आमच्या कॉलेजातील डोळस कवींच्या वह्या आम्ही बरीच वर्षे तपाशीत आलो. त्यांच्यातील कोणाच्या आषाढाला असा आवाज नव्हता. हे त्या दिवशी तिला सांगितले असते, तर पहिल्या क्रमांकाहून तिच्या अधिक उपयोगी पडले असते.

आषाढाचा विषय निघाला म्हणून 'मेघदूता'कडे वळतो. श्री. स्वागत थोरात यांनी १९ अंध कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' हे नाटक रंगभूमीवर आणले. आमचे एक स्नेही तो प्रयोग पाहून आले आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "एकही जण कोठे अडखळला नाही हो!" नटांच्या हालचालीत चूक झाली नाही हे चांगलेच; पण कालिदासाच्या नाटकावरून परतलेल्या रसिकाने आणलेली बातमी एवढीच असावी काय? आम्ही विचारले, अंध कलावंतांसाठी हेच काव्य का निवडले असेल? त्यांस प्रश्नच चमत्कारिक वाटला.

मेघदूत हे दृष्टीचे काव्य, असे आम्हांस कॉलेजात शिकविले गेले. मेघ वरून पाहतो, नद्या-पर्वत खाली पसरलेले दिसतात, वगैरे. परंतु डोळे मिटून ते काव्य पुन्हा ऐकावे. ज्या रामगिरीवर यक्ष बसला आहे तो आमच्या विदर्भातील रामटेक होय, असे म. म. मिराशींचे प्रतिपादन होते; तेथून निघालेल्या मेघाची वाट कितीतरी ठिकाणी नाकाने व कानाने ओळखावयाची आहे. पहिल्या सरींनी निःश्वास टाकणाऱ्या भूमीचा गंध वाऱ्यात मिसळतो. क्षिप्रेवरचा पहाटवारा सारसांची साद लांबवीत येतो आणि अंगाला सुखवितो. महाकालाच्या सायंपूजेत मेघाने आपल्या गर्जनेचा नगारा करावयाचा आहे. उत्तरमेघात यक्षपत्नी आसवांनी भिजलेली वीणा पुसते आणि स्वतःच बांधलेली मूर्च्छना पुनःपुन्हा विसरते. शिवाय यक्षही अलकेकडे पाहत नाहीच. ती त्याच्या दृष्टीआड आहे, तो ती आठवून सांगतो आहे. न दिसणाऱ्या नगरीचे वर्णन ऐकणाऱ्यापुढे उभे करणे हाच त्या काव्याचा सारा व्यापार. तो अंध नटाने करावा यात विसंगती तर नाहीच, उलट काव्याचा एक झाकलेला भाग त्यामुळे उघडा होतो. नाटकाची परीक्षा करावयाची तर येथून करावी: उच्चार कसा झाला, विराम कोठे घेतले, गंध व नाद शब्दांतून पोचले की नाही, की डोळस नटाच्या हावभावांची नक्कल करण्यातच श्रम खर्ची पडले. या कसोटीवर प्रयोग उतरला तर कौतुकास अर्थ आहे. न उतरला तर तसे सांगण्यातही कलावंताचा मान आहे.

आता साधनांविषयी. कायद्याकडे पाहिले तर निराश होण्याचे कारण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवनाचा हक्क स्पष्ट सांगितला आहे. अपंग कलावंत व लेखकांस साहाय्य द्यावे, कला त्यांच्या आवाक्यात आणावी, कलाविषयांचे अभ्यासक्रमही त्यांस घेता येतील असे नव्याने आखावे, अशी शासनावर जबाबदारी टाकली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काची आडकाठी काढून पुस्तके ब्रेलमध्ये किंवा श्राव्य रूपात आणण्यास मोकळीक दिली. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' निघाले. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. तत्पूर्वी २००८ च्या फेब्रुवारीत थोरात यांनीच 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक काढले होते, ते कोणत्याही कलमाची वाट न पाहता.

तथापि कलम आणि वाचक यांच्यामध्ये आमच्या जिल्ह्याचा घाट आहे. ब्रेल पुस्तक छापील पुस्तकाच्या कितीतरी पट जाड होते. कादंबरी मागवावी तर टपालाचे गाठोडे येते. भ्रमणध्वनी मजकूर वाचून दाखवितो हे खरे, आणि त्याने फार मोठी सोय झाली आहे. परंतु जुनी मराठी पुस्तके संगणकावर चढविली गेली ती बहुधा पानांची छायाचित्रे काढून. डोळसास ती पुस्तके वाटतात. यंत्रास ती चित्रे वाटतात, आणि ते मुके राहते. म्हणजे जुने वाङ्मय जपले गेले म्हणून आम्ही आनंद मानतो, तेव्हा ते अंध वाचकाकरिता दुसऱ्यांदा कुलूपबंद झालेले असते. जेथे अक्षरे नीट टंकलेली आहेत तेथेही यंत्र ओवी वाचते ती वर्तमानपत्रासारखी. छंद त्यास कळत नाही.

आमच्या जिल्ह्यास या बाबतीत एक आठवण असावयास हवी होती. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांचा 'शीळ' हा संग्रह १९५४ साली निघाला. पण त्या नावाची कविता जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून त्याच्या कितीतरी आधी घरोघर पोचली होती. मेहकरच्या त्या कवितेपुढे डोळस व अंध रसिक तेवढ्यापुरते एकाच पंक्तीस बसले होते. कविता कानाने घेणे ही काही दयेने केलेली सोय नव्हे, ती आमची जुनी रीतच आहे. कीर्तनाच्या मांडवात पोथी किती जणांच्या हाती असते?

गुलाबराव महाराजांच्या हयातीत छापल्या गेलेल्या ग्रंथांवर कोणाच्या हक्काची अडचण आज उरलेली नाही. हवा आहे तो वाचणारा आवाज, आणि लागणार आहेत ते तास. अंध लेखकाचे ग्रंथ अंध वाचकासच दुर्लभ असावेत ही स्थिती आम्हांस त्या मुलीमुळे प्रथम जाणवली. स्पर्धेनंतर आम्ही तिला पत्र पाठवून, म्हणजे अर्थात निरोप ध्वनिमुद्रित करून, कवितेतील दोष व ती दाराची जागा दोन्ही कळविली. उत्तर आले ते काहीसे रागाचे होते. रंग मी का म्हणून सोडावेत, ते शब्द माझ्याही भाषेतले आहेत, असा तिचा मुद्दा होता, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. त्यावर आमचा वाद अद्याप मिटलेला नाही.

पुढे काही रविवार आम्ही तिला महाराजांची पदे वाचून दाखविली. वाचताना आम्हांस आपल्या उच्चारांचा थोडा अभिमान होता. तिसऱ्या का चौथ्या पदाच्या मध्यावर तिने आम्हांस थांबविले.

"सर, इथे एक अक्षर कमी पडतंय."

जुन्या छपाईचा दोष असेल, असे आम्ही म्हणालो. तिने पुन्हा वाचावयास सांगितले. आम्ही चष्मा पुसून ओळीवर बोट ठेवले; पुस्तकात एक 'च' होता, तो आम्हीच गाळला होता.