गाळाचा हिशोब कोठे संपतो?

सांडपाणी शुद्ध केले म्हणजे त्यातील सारी घाण नाहीशी होते असे नाही; तिचा बराचसा भाग गाळात उतरतो. हा गाळ, शुद्धीकरणाला लागणारी वीज, रसायने आणि वाहतूक या सर्वांचा एकत्र हिशोब मांडण्याच्या पद्धतीला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. १९९७ साली आयएसओ १४०४० या मानकाने तिला शिस्त लावली. पद्धत उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला ती लावून पाहिली की तीन उणिवा ठळकपणे दिसतात.

पहिली एककाची. हिशोब बहुधा दर घनमीटर पाण्यामागे मांडतात. १ किलो प्रदूषक १ घनमीटर पाण्यात असो, वा पाणी ओतून ते २ घनमीटर केलेले असो, एकूण भार तोच. कागदावर मात्र तो निम्मा दिसतो. म्हणून काढून टाकलेल्या दर किलो प्रदूषकामागेही हिशोब हवा.

दुसरी सीमेची. हिशोब केंद्राच्या फाटकापाशी थांबवला की गाळ दिसेनासा होतो. तारापूरचा घातक गाळ शंभराहून अधिक किलोमीटर दूर, तळोजा येथे ट्रकने जात आला आहे. ८० टक्के पाणी असलेल्या १०० किलो गाळात घन पदार्थ २० किलोच. पाण्याचे प्रमाण ६० टक्क्यांवर आणले, तर वजन ५० किलो, म्हणजे निम्मे होते! डिझेल वाचते; परंतु वाळवण्यास ऊर्जा लागते. कोणता मार्ग बरा, हे फाटकाबाहेर गेल्याशिवाय कळत नाही.

तिसरी ठिकाणाची, आणि हीच गंभीर. कार्बन डायऑक्साइड कोठेही सुटला तरी हवामानावर परिणाम सारखाच. त्याची बेरीज चालते. नवापूरच्या समुद्रात सोडलेल्या पाण्याचे तसे नाही. ते किती, कोठे, भरतीला की ओहोटीला सोडले, यावर मासळीचे भवितव्य ठरते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलेले गाऱ्हाणे खाडी, किनारा आणि मासेमारी यांचेच होते. सरासरीच्या एका आकड्यात ते बुडून जाते. शिवाय हवामानाला किती गुण आणि मासळीला किती, हे विज्ञान ठरवत नाही, माणसे ठरवतात. ते उघड सांगितले पाहिजे.

पद्धत टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. दोन प्रक्रियांची तुलना करण्यास ती चांगली. खाडीतील पाण्याच्या तपासणीची जागा मात्र ती घेऊ शकत नाही. शिक्षकांनी गाळाचे वरील गणित वर्गात जरूर घालावे, आणि मग विचारावे : कमी झालेले ५० किलो पाणी गेले कोठे? दाबून काढले असेल, तर ते पुन्हा शुद्धीकरणालाच येते. तापवून काढले असेल, तर वाफेबरोबर दर्पही हवेत जातो. हिशोब तेथून पुढे चालू राहतो.