डायॉन बूसिको: स्वतःसाठी राखलेल्या भूमिका

व्हिक्टोरियन रंगभूमी म्हटलं की आपण थेट ऑस्कर वाइल्डपाशी जातो. पण वाइल्डची गाजलेली नाटकं १८९० नंतरची, म्हणजे राणीच्या कारकिर्दीच्या अखेरची. त्याआधीची पन्नास वर्षं लंडन आणि न्यूयॉर्कची नाट्यगृहं भरवणाऱ्यांत डायॉन बूसिको हे फार मोठं नाव होतं. जन्म डब्लिनचा, मृत्यू १८९० साली न्यूयॉर्कमध्ये. नाटकं शंभराच्या वर, आणि त्यांतली बरीच फ्रेंचवरून सरळ उचललेली. त्याला स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नसे.

त्याच्यावरचा नेहमीचा अभिप्राय ठरलेला आहे: हुशार कारागीर, पण तत्त्वशून्य. प्रेक्षक बदलला की नाटक बदलणारा. ‘द पुअर ऑफ न्यूयॉर्क’ हे १८५७चं नाटक त्यानं इंग्लंडात आणलं, तेव्हा गावाप्रमाणे नाव बदललं. लिव्हरपूलला ‘द पुअर ऑफ लिव्हरपूल’, लंडनला ‘द स्ट्रीट्स ऑफ लंडन’. रंगमंचावरचं जळतं घर मात्र तेच! हा अभिप्राय खोटा नाही, पण त्यानं काही उलगडत नाही. बाजार सगळेच नाटककार बघतात. मला विचारायचंय ते वेगळं. हा माणूस नटही होता. स्वतःच्या नाटकात कुठली भूमिका करायची हे तोच ठरवायचा. मग त्यानं स्वतःसाठी काय राखलं?

आधी थोडी पार्श्वभूमी. १८४१च्या मार्चमध्ये कॉव्हेंट गार्डनला ‘लंडन अ‍ॅशुरन्स’ लागलं तेव्हा तो जेमतेम विशीत होता. नाटक तुफान चाललं, पण लेखकाला मिळाली एकरकमी किंमत, आणि नाटक शंभर वेळा झालं तरी पुढे काही नाही. त्या काळच्या लेखकाची हीच स्थिती होती. हे त्याच्या मनात बसलं असावं. पुढे अमेरिकेत १८५६ साली नाटककाराला स्वतःच्या नाटकाच्या प्रयोगावर हक्क देणारा कायदा झाला, त्यासाठी खटपट करणाऱ्यांत तो होता. १८६० साली लंडनच्या अ‍ॅडेल्फीशी करार करताना त्यानं ठरीव रकमेऐवजी उत्पन्नात वाटा मागितला आणि मिळवला. आज नाटककाराला प्रयोगामागे मानधन मिळतं, त्यामागे या ‘तत्त्वशून्य’ माणसाचाही हात आहे.

आता भूमिका. २२ फेब्रुवारी १८५८, न्यूयॉर्कचं वॉलॅक्स थिएटर. नाटक: ‘जेसी ब्राउन, ऑर द रिलीफ ऑफ लखनौ’. हॅवलॉकची फौज लखनौच्या रेसिडेन्सीत पोहोचून जेमतेम पाच महिने झालेत. वेढ्यात अडकलेल्या जेसी नावाच्या स्कॉटिश मुलीला सगळ्यांच्या आधी हायलँडर सैनिकांच्या पाइपचे सूर ऐकू येतात, अशी एक कथा वर्तमानपत्रांनी उठवली होती. तिला ऐतिहासिक आधार नाही. बूसिकोनं ती उचलली. जेसी झाली त्याची पत्नी अ‍ॅग्नेस रॉबर्टसन. आणि बूसिको स्वतः झाला नानासाहेब. होय, आपले बिठूरचे नानासाहेब पेशवे! असं सांगतात की प्रेक्षकांच्या रागाच्या भीतीनं दुसरा कुणी नट ती भूमिका घ्यायला तयार होईना.

नाटकातल्या नानासाहेबाला मी एकेरी म्हणतो, इतिहासातल्यांना नाही, कारण दोघांचा संबंध नावापुरता आहे. इतिहासातले नानासाहेब लखनौच्या वेढ्यात नव्हते. त्यांचं प्रकरण कानपूरचं. तिथं सतीचौरा घाटावर आणि बिबीघरात जे घडलं ते भयानक होतं, ते कुणी झाकू नये. पण त्यामागे दुसऱ्या बाजीरावांचा दत्तक पुत्र म्हणून नाकारलेला हक्क होता, ८ लाखांचं बंद केलेलं पेन्शन होतं, आणि इंग्लंडपर्यंत दाद मागून हात हलवत परतलेला वकील अजीमुल्ला खान होता. एका माणसाचं मन कसं कडू होत जातं याचं नाटक इथे तयार पडलेलं होतं. बूसिकोला दिसला तो गोऱ्या स्त्रीला जनानखान्यात ओढू पाहणारा राजा. खरं तर पारंपरिक मेलोड्रामातला खलनायकच, त्याला फक्त पगडी घातली.

पुढचं वर्ष. डिसेंबर १८५९, पुन्हा न्यूयॉर्क, नाटक ‘द ऑक्टरून’. गुलामगिरीविरुद्ध बंड करू पाहणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी देऊन चारच दिवस झाले होते. लुइझियानातली झोई एक अष्टमांश काळ्या रक्ताची, म्हणून कायद्यानं विकाऊ. तिचा लिलाव रंगमंचावर होतो, शेवटी ती विष घेते. लंडनच्या प्रेक्षकांना ती मरायला नको होती. बूसिकोनं आधी वर्तमानपत्रातून वाद घातला, मग शेवट बदलून तिला जिवंत ठेवलं, आणि जाहिरातीत टोमणा मारला की हा शेवट जनतेनं रचला, लेखकानं फक्त संपादन केलं. बहुतेक चर्चा या दोन शेवटांवर होते.

मला महत्त्वाचा वाटतो तो वाहनोटी. हा मूळ अमेरिकन इंडियन. त्याचा जीव असलेल्या एका पोराचा खून होतो, आळ त्याच्यावरच येतो, जमाव त्याला मारायला उठतो. ही भूमिका बूसिकोनं केली. वाहनोटीला भाषा जवळजवळ नाहीच. तुटक चार शब्द, बाकी हावभाव. मग तो वाचतो कसा? खून होताना समोर छायाचित्राचा कॅमेरा चालू असतो, त्याच्या काचेवर खऱ्या खुन्याची प्रतिमा उमटलेली सापडते. कॅमेऱ्याची साक्ष ही त्या काळी नवलाची कल्पना होती. पण काय झालं बघा: ज्याला लेखकानं बोलू दिलं नाही, त्याच्या वतीनं यंत्र बोललं. करुणा आहे, पण लांबून.

आणि तीनच महिन्यांनी, मार्च १८६० मध्ये, ‘द कोलीन बॉन’. आयर्लंडचं नाटक, भूमिका माइल्स-ना-कोपलीन. चोरून दारू गाळणारा, शिकारचोर, पोलिसांना नको असलेला. इंग्रजी रंगमंचावरचा आयरिश माणूस तोवर म्हणजे दारुडा, बावळट, हसं करून घेणारा. माइल्सही पितो, हसवतो. पण कथेत सगळ्यांच्या आधी सगळं त्यालाच कळतं. बुडणाऱ्या एलीला वाचवायला पाण्यात उडी घेतो तोच. १८६४च्या ‘अ‍ॅरा-ना-पोग’मधला शॉन, १८७४च्या ‘द शॉक्रन’मधला कॉन, या भूमिकाही त्याच्याच आणि त्याच घडणीच्या. प्रेक्षक त्यांना हसत नाहीत, त्यांच्याबरोबर दुसऱ्यांना हसतात. शॉला हा आयरिशपणा विकाऊ वाटे. मला तो तसा वाटत नाही, कारण १८७६ साली याच माणसानं पंतप्रधान डिझरायलीला जाहीर पत्र लिहून फेनियन राजबंद्यांची सुटका मागितली. त्यात गल्ल्याचा फायदा होता असं म्हणणाऱ्यांनी म्हणावं.

अ‍ॅडम स्मिथनं १७५९च्या ग्रंथात सहानुभूतीचं वर्णन केलंय: दुसऱ्याच्या जागी आपण कल्पनेनं जाऊन बसणं. नटाचा तर तो धंदाच. बूसिको तिन्ही जागी बसला, अगदी रंग फासून. पण आयरिश माणसाच्या जागी बसला तेव्हा त्याला आतून भाषा सापडली. वाहनोटीच्या जागी दुःख सापडलं, भाषा नाही. नानासाहेबाच्या जागी नुसता पोशाख. माझा आक्षेप इथे आहे. आपल्या लोकांचं विडंबन कसं होतं हे ज्याला हाडात ठाऊक, त्यानं दुसऱ्या जित लोकांचं तेच केलं, आणि तेही हाताखालच्या नटाकडून नव्हे, स्वतः केलं. अन्याय भोगल्यानं दुसऱ्याचा अन्याय आपोआप दिसत नाही. ‘जेसी ब्राउन’ ‘कोलीन बॉन’च्या आधीचं आहे, तो नंतर शहाणा झाला, असा बचाव करता येतो. पण शहाणपण आलं ते आयर्लंडपुरतं.

खाजगी आयुष्यातही हेच. त्याच्या स्वतःच्या पितृत्वाविषयी कायम कुजबुज होती. खरा बाप डायोनिशियस लार्डनर असं बहुतेक चरित्रकार मानतात. याच माणसानं १८८५ साली ऑस्ट्रेलियात लुईस थॉर्नडाइक या तरुण नटीशी लग्न केलं आणि अ‍ॅग्नेसशी आपलं लग्न कायदेशीर नव्हतंच असं सांगितलं. जेसी, झोई, एली या तिन्ही भूमिका करणारी ती अ‍ॅग्नेस! तिच्या मुलांना त्यानं एका वाक्यात अनौरस करून टाकलं. न्यायालयानं पुढे तिला घटस्फोट दिला, म्हणजे लग्न होतं हे मान्यच केलं.

ब्रँडन जेकब्स-जेन्किन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन नाटककारानं ‘अ‍ॅन ऑक्टरून’ नावानं ते नाटक पुन्हा लिहिलं, २०१४ साली ते न्यूयॉर्कला झालं. त्यात खुद्द बूसिको रंगमंचावर येतो आणि प्रेक्षकांसमोर चेहऱ्याला लाल रंग फासून वाहनोटी होतो. ‘जेसी ब्राउन’ला असं कुणी हात घालणार असेल, तर ते काम मराठीत व्हावं असं मला वाटतं. संहिता लहान आहे, वाचायला मिळते. नाट्यलेखक कुणी ऐकत असतील तर जरूर बघा. आता प्रश्न घेऊ.