कुनियोशींची भुतं आणि त्यांचा अर्थ लावणारे लोक

मंडळी, आज आपण एकच चित्र बघू. उतागावा कुनियोशी यांचं, १८४३ सालचं, लाकडी ठशांवरून छापलेलं आणि तीन कागद शेजारी ठेवून पूर्ण होणारं.

कथा जुनी आहे. सरदार योरिमित्सू आजारी पडलाय, मागे राक्षसी कोळी जाळं पसरतोय, जवळच त्याचे चार रक्षक बसलेत; त्यातले दोघं तर 'गो'चा डाव मांडून बसलेत. आणि वर अंधारात भुतांची अख्खी फौज.

आता तेव्हाचं एडो, म्हणजे आजचं टोकियो, डोळ्यांपुढे आणा. १८४१पासून शोगुनचे कारभारी मिझुनो तादाकुनी यांनी काटकसरीच्या नावाने सुधारणा चालवल्या होत्या. नाटकगृहं शहराच्या कडेला हलवली, कथेकऱ्यांच्या बैठकी बहुतेक बंद केल्या, १८४२मध्ये नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला मनाई केली. चित्रकारांच्या पोटावरच पाय!

चित्र बाजारात आलं आणि लोक अर्थ लावू लागले. झोपलेला सरदार म्हणजे शोगुन इएयोशी. एका रक्षकाच्या कपड्यावर मिझुनो घराण्याचं चिन्ह, म्हणजे हा कोण ते कळलंच. भुतं म्हणजे सुधारणांनी नाडलेली माणसं. दात नसलेलं भूत घ्या. जपानीत 'हा नाशी' म्हणजे दात नसलेला आणि 'हानाशी' म्हणजे गोष्ट. तेव्हा हा बेकार कथेकरी, असं लोकांनी ठरवलं. प्रकाशकाने घाबरून प्रती मागे घेतल्या, ठसे नष्ट केले. कुनियोशींना मात्र या चित्राबद्दल शिक्षा झाली नाही.

कुनियोशींना 'बंडखोर' म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला ते घाईचं वाटतं. त्यांनी सत्तेला टोला मारला, की खपेल असं चित्र काढलं? चित्र बघून ठरवता येत नाही, आणि चित्राचं बळ तिथेच आहे. विनोद अर्धा कागदावर, अर्धा गिऱ्हाइकाच्या डोक्यात. कागदावरचा अर्धा पकडलात तर हाती लागते एक जुनी कथा. उरलेला पकडायचा तर सगळं शहर पकडावं लागलं असतं.

आज प्रदर्शनातली पाटी एकेका भुताचा खुलासा करते. माहिती मिळते, हसू मात्र येत नाही. आत्ता आम्हीही त्या बिनदाताच्या भुताचं तेच केलं की! म्हणून घरी चित्र बघाल तेव्हा पाटी शेवटी वाचा. बाकीची भुतं आम्ही तुमच्यावर सोडतो.