बंधुत्वाची वास्तू व तिचा उंबरठा

बंधुसंघाच्या वास्तूचे मूल्यमापन करताना अभ्यासक बहुधा स्तंभ, कमानी व प्रतीकचिन्हे यांच्या वर्णनापाशी थांबतात. ही पद्धती अपुरी आहे. बंधुत्व हेच जिचे प्रयोजन, त्या वास्तूची परीक्षा तिच्या उंबरठ्यावर व्हावयास हवी.

मुंबईच्या कोट भागातील फ्रीमेसन्स हॉल (१८९७) हे या वास्तुप्रकाराचे ठळक उदाहरण होय. गुण्या आणि कंपास ही गवंडीकामाची साधने या संघाने सदाचाराची प्रतीके म्हणून स्वीकारली. लोकांनी मात्र अशा बंद दारांच्या वास्तूंना ‘जादूघर’ म्हटले. आत काय चालते हे न कळणाऱ्यांनी केलेली ही समीक्षाच होती. दाराचा इतिहास तिला पुष्टी देतो. माणेकजी करसेटजी यांना मुंबईत नाकारला गेलेला प्रवेश पॅरिसमध्ये मिळाला. त्यानंतर १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने एतद्देशीयांना सामावून घेणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत स्थापन झाली. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना तर दीर्घ वादानंतर १८७२ मध्ये प्रवेश लाभला. तथापि, भिन्नधर्मीयांना एका आसनपंक्तीत बसविण्याचे श्रेय या लॉजना नाकारता येणार नाही.

वऱ्हाडात हाच निकष लावला असता निराळेच चित्र दिसते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. सर्वांची माता मानलेल्या देवीचे दार ज्यांना बंद, त्यांच्यासाठी करमणुकीचे घर उघडले. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्रद्धानंद छात्रालयात निरनिराळ्या जातींचे विद्यार्थी एकत्र राहिले. यांपैकी कोणत्याही वास्तूवर बंधुत्वाचे चिन्ह कोरण्याची गरज पडली नाही.

नाट्यगृह वा छात्रालय ही बंधुसंघाची वास्तू नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. वास्तुप्रकाराच्या वर्गीकरणापुरता तो योग्य आहे. परंतु मूल्यमापनात तो टिकत नाही. लॉजमध्ये बंधुत्व ही प्रवेशानंतरची प्राप्ती होती. अमरावतीत प्रवेश हाच बंधुत्वाचा विषय झाला. म्हणून अमरावती-अकोल्याच्या जुन्या वास्तूंची नोंद करताना, ती कोणी व केव्हा बांधली यासमवेत तेथे कोणास आणि केव्हापासून प्रवेश होता, हेही नोंदविले पाहिजे. त्यावाचून केलेले वर्णन भिंतींचे होईल, वास्तूचे होणार नाही.