क्रमवारी आणि नामावळी : पाच ब्रिटिश अल्बमांचे तिलवाऱ्याहून केलेले वाचन

१

‘आवड’ आणि ‘निवड’ हे शब्द मराठीत जोडीने वावरत असले, तरी त्यांचे व्यापार भिन्न आहेत. आवडीला कारण द्यावे लागत नाही. निवडीला ते द्यावे लागते. धान्य निवडणारी गृहिणी खडे बाजूला काढते, पण दाण्यांना अनुक्रमांक देत नाही. इंग्रजी संगीतसमीक्षेत मात्र गेल्या अर्धशतकात निवडीचा एक वेगळाच प्रकार रूढ झाला : आवडत्या अल्बमांची क्रमवारी. नियतकालिकांच्या कौलांपासून एकट्या श्रोत्याच्या वहीपर्यंत तिचा विस्तार आहे. वाङ्मयात एखादी कृती अभिजात कशी ठरते, या प्रश्नाशी या याद्यांचे नाते उघड आहे. कोणीतरी क्रम लावतो, तो पुनःपुन्हा उद्धृत होतो आणि कालांतराने त्यालाच मूल्याचे रूप येते.

हे मूल्य किती अस्थिर असते, याची साक्ष या याद्याच देतात. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाने २००३ मध्ये पाचशे अल्बमांची यादी केली, तेव्हा बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) पहिला होता. त्याच नियतकालिकाने २०२० मध्ये नव्याने कौल घेतला, तेव्हा हाच अल्बम चोविसावा आला आणि बीटल्सचाच ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) अकरावा. ‘एनएमई’ या ब्रिटिश साप्ताहिकाने २०१३ मध्ये पहिले स्थान स्मिथ्सच्या ‘द क्वीन इज डेड’ला (१९८६) दिले. तबकड्यांत काही फरक पडला नव्हता. बदलले होते ते मत देणारे आणि त्यांचे निकष. म्हणून क्रमवारीचे मोल तिच्या पहिल्या क्रमांकात शोधणे व्यर्थ आहे. ती कोणत्या निकषाशी बांधलेली आहे आणि तो निकष कोठे उभे राहून घडला, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. प्रस्तुत लेखात पाच ब्रिटिश अल्बमांची एक क्रमवारी मांडली आहे. ती उघडपणे व्यक्तिनिष्ठ आहे. मात्र तिचा निकष आणि तिचे स्थान आधीच सांगितले आहे.

२

ते स्थान आहे तिलवारा. जबलपूरच्या दक्षिणेस, नागपूरकडे जाणारा रस्ता जेथे नर्मदा ओलांडतो, तेथील हा घाट. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि पुढे १९५६ पर्यंत या प्रांताची राजधानी नागपूर असल्याने दोन्ही गावांचा राबता टिकून राहिला. जबलपूरचा मराठी समाज या इतिहासातून घडला. त्याच्या दृष्टीने पुणे-मुंबई हे दूरचे केंद्र, लंडन त्याहून दूरचे. दोन्ही केंद्रांच्या याद्या त्याच्यापर्यंत तयार होऊनच पोहोचतात.

तिलवाऱ्याच्या परिसराला क्रमांक आणि मान्यता यांतील अंतराचा एक राजकीय धडाही ठाऊक आहे. मार्च १९३९ मध्ये येथून जवळच त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांच्यावर १५८० विरुद्ध १३७७ अशा मतांनी विजय मिळवला होता. तरीही एप्रिल संपण्यापूर्वी त्यांना पद सोडावे लागले. मतांच्या बेरजेने पहिला क्रमांक ठरला, अधिकार मात्र ठरला नाही.

संगीताच्या क्रमवारीचा देशी नमुनाही या भागातील श्रोत्यांच्या ओळखीचा होता. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी सादर करीत असलेली ‘बिनाका गीतमाला’ चित्रपटगीतांना ‘पायदान’ देई. तबकड्यांची विक्री आणि श्रोतासंघांची पत्रे यांच्या आधारे ही चढण ठरत असे. लहान गावातल्या पत्रलेखकालाही त्या क्रमात आपला वाटा आहे, अशी भावना तिने रुजवली. मात्र पायदानावर चढत ते गाणे, आणि नावे ऐकू येत ती गायक, संगीतकार व गीतकार यांची. वाद्यवृंदात बसलेले, वाद्यरचना लिहून देणारे गोव्याचे कलावंत, उदाहरणार्थ सेबॅस्टियन डिसूझा किंवा अँथनी गोन्साल्विस, तबकडीच्या लेबलावर क्वचितच दिसत. गोन्साल्विसांचे नाव देशभर झाले ते १९७७ मध्ये, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्यात ते गुंफले तेव्हा.

प्रस्तुत क्रमवारीचा निकष येथूनच येतो. एखादा अल्बम बाहेरचा स्वर आपल्यात घेतो तेव्हा त्या स्वराला रचनेत कोणती जागा देतो, आणि त्या स्वराच्या धन्याचे नाव घेतो की नाही? केंद्रात बसलेल्या श्रोत्याला हा प्रश्न गौण वाटू शकेल. ज्याचा स्वर उसना घेतला जातो, त्याच्या बाजूने ऐकणाऱ्याला तो टाळता येत नाही.

३

या निकषावर पाचवे स्थान ‘सार्जंट पेपर्स’ला मिळते. १९६७ चा हा अल्बम गाण्यांच्या आंतरिक क्रमाची जाणीव लोकांत रुजवणारा म्हणून योग्यच नावाजला जातो. त्याच्या दुसऱ्या बाजूचा आरंभ जॉर्ज हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’ या रचनेने होतो. बीटल्सपैकी तीत हॅरिसन एकटाच आहे. बाकीचा भार दिलरुबा, तबला, तंबोरा आणि जॉर्ज मार्टिनने बांधलेली पाश्चात्य तंतुवाद्ये वाहतात. भारतीय वादक लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’च्या वर्तुळातले होते. वेष्टनावर त्यांची नावे नाहीत. अल्बमला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१७ मध्ये, लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधनाच्या निमित्ताने अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे सार्वजनिक चर्चेत आली.

यातील विसंगती अशी की हे वेष्टन चेहऱ्यांच्या गर्दीसाठीच प्रसिद्ध आहे. त्या गर्दीत परमहंस योगानंदांसारखे भारतीय योगी आहेत. गांधीजींचेही चित्र होते. भारतीय बाजारपेठेत रोष ओढवेल या भीतीने ईएमआय कंपनीच्या आग्रहावरून ते काढून टाकण्यात आले. १९४८ मध्ये तिलवारा घाटावर गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या आणि तेथे त्यांचे स्मारक आहे. त्या घाटावरून पाहणाऱ्याला ही रिकामी जागा विशेष जाणवते. पूजनीय चेहरा वगळताना भारताच्या भावनेचा विचार झाला. प्रत्यक्ष वाजवणाऱ्या भारतीयांची नावे छापण्याचा झाला नाही. रचनेच्या शेवटी हॅरिसनने हशाचा आवाज जोडला आहे. गंभीर स्वराबद्दल वाटणारा संकोच त्या हशात ऐकू येतो. स्वर आहे, नाव नाही, आणि स्वरावरचा विश्वासही डळमळीत आहे.

चौथे स्थान ‘द बीटल्स’ या १९६८ च्या तीस गाण्यांच्या पांढऱ्या वेष्टनातील अल्बमला. यातील बरीच गाणी त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात सुचली. महर्षींच्या जन्मस्थळाविषयी मतभेद असले तरी त्यांच्या पूर्वायुष्याचा जबलपूरशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. अल्बम भारतात जन्मला, पण त्यात भारतीय वाद्ये जवळजवळ नाहीत. महर्षींविषयी भ्रमनिरास झाल्यावर जॉन लेननने एक बोचरे गाणे रचले आणि त्यातील त्यांचे नाव बदलून ‘सेक्सी सेडी’ केले. येथेही नाव पुसले गेले आहे. परंतु हा रोष एका व्यक्तीवरचा आहे, आणि बरोबरीचा माणूस असल्याखेरीज असे भांडण होत नाही. उसना स्वर घेतलेला नसल्याने तो निनावी ठेवण्याचा दोषही या अल्बमवर येत नाही. म्हणून तो ‘सार्जंट पेपर्स’च्या एक पायरी वर.

तिसऱ्या स्थानी केट बुशचा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ (१९८५) आहे. त्याची दुसरी बाजू ‘द नाइन्थ वेव्ह’ या सात गाण्यांच्या मालिकेने व्यापली आहे. रात्री समुद्रात एकटी तरंगत राहिलेली स्त्री आणि तिच्या मनाभोवती जमणारे आवाज, असा तिचा विषय. मराठी वाचकाला येथे ‘गीतरामायणा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे सादर झालेल्या ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या छप्पन्न गीतांतही क्रम हाच अर्थाचा आधार आहे. तेथे प्रत्येक पात्र स्वतःच्या तोंडाने गाते आणि कथा ठाऊक असलेला श्रोता त्या आवाजांना जोडून घेतो. केट बुशच्या श्रोत्याला अशी पूर्वज्ञात कथा उपलब्ध नाही. आवाज कोणाचा, हे त्याला पाण्यातल्या बाईबरोबरच चाचपडत शोधावे लागते. या मालिकेत आयरिश पारंपरिक वाद्ये येतात, जॉर्जियातील एका लोकगीताचा समूहस्वरही येतो. ते सजावटीसाठी आणलेले नाहीत. स्त्रीला जगण्याकडे खेचणारा पूर्वजांचा रेटा आयरिश वाद्यांतून येतो, आणि वादकांची नावे अल्बमवर नोंदलेली आहेत. २०२२ मध्ये याच अल्बममधील ‘रनिंग अप दॅट हिल’ एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे ३७ वर्षांनंतर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आले. पहिल्या बाजूच्या त्या एका गाण्याने पायदान गाठले, तरी अल्बमची थोरवी दुसऱ्या बाजूच्या अखंड क्रमात आहे.

दुसरे स्थान ‘रिव्हॉल्व्हर’चे. पहिल्या बाजूवरील चौथी रचना ‘लव्ह यू टू’ तालाविना, सतारीच्या संथ स्वरांनी उघडते आणि मग तबल्यासह लयीत येते. आलापानंतर गत यावी, तशी ही मांडणी आहे. १९६५ च्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार होती, पण ती इंग्रजी चालीवर चढवलेला एक रंग होती, येथे ती रचनेचा सांगाडा ठरवते. तबला वाजवला होता अनिल भागवत यांनी, आणि त्यांचे नाव वेष्टनावर छापलेले आहे. न्याय अपुराच आहे, कारण साथीच्या इतर भारतीय वादकांची नावे तेथे नाहीत. तरी वर्षभरानंतरच्या ‘सार्जंट पेपर्स’शी ताडून पाहता हे एक नाव फार मोलाचे ठरते. नाव छापणे त्या काळी अशक्य नव्हते, हे त्यातून सिद्ध होते. पुढे ते गळले, याला रूढी हे कारण पुरत नाही.

पहिले स्थान कॉर्नरशॉप या गटाच्या ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ (१९९७) या अल्बमला. ब्रिटनमधील आशियाई म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, हा साचा या गटाने नाव म्हणून मुद्दाम पत्करला. १९९२ मध्ये स्मिथ्सचा माजी गायक मॉरिसी याच्या राष्ट्रवादी प्रतिमांच्या निषेधार्थ या मंडळींनी लंडनमध्ये ईएमआयच्या कार्यालयाबाहेर त्याचे चित्र जाळले होते. तीही एका अर्थाने समीक्षाच होती. परंतु तिच्याहून टिकाऊ समीक्षा त्यांच्या ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या गाण्यात आहे. ते सांगलीत १९३३ मध्ये जन्मलेल्या आशा भोसले यांच्याविषयी, आणि एकूणच पार्श्वगायन व छोट्या तबकड्यांच्या जगाविषयी आहे. आशाबाई त्यात गात नाहीत. त्यांचे नाव आहे, लता मंगेशकर आणि महंमद रफी यांची नावे आहेत, फ्रेंच आणि इंग्रजी गायकांचीही आहेत. टिजिंदर सिंग कोणाला वर-खाली ठेवत नाही. एकामागून एक नाव घेत जातो. नॉर्मन कुकने गती वाढवून केलेली या गाण्याची आवृत्ती फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. क्रमवारीला नकार देणारे गाणे क्रमवारीच्या माथ्यावर बसले.

याच अल्बमच्या शेवटी ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत गायले आहे. बीटल्सने ज्या गाण्यासाठी सतार उसनी घेतली, ते गाणे बत्तीस वर्षांनी स्थलांतरितांच्या मुलाने स्वतःच्या घरच्या भाषेत परत आणले. अनुवादाभ्यासाला येथे एक दुर्मीळ उदाहरण मिळते : ऋण घेणाऱ्याची कृतीच ऋणकोच्या भाषेत नेणारा नव्हे, तर धनकोच्या भाषेत फेडून आणणारा अनुवाद.

४

या क्रमवारीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला, हा निकष नैतिक आहे, सांगीतिक नाही. अशोक दा. रानडे यांनी कलासंगीत आणि जनसंगीत या वेगळ्या कोटी मानल्या, त्यांचा आधार घेऊन याचे उत्तर शोधता येते. जनसंगीताची कृती स्वरांइतकीच मुद्रण, वेष्टन, प्रक्षेपण आणि विक्री यांतून घडते. तेव्हा वेष्टनावरचे नाव हे अशा कृतीचे अंग ठरते. शिवाय वरच्या प्रत्येक ठिकाणी नाव आणि रचनेतील जागा यांचे नाते दिसते. ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये परक्या स्वराला सांगाड्यात जागा मिळाली, त्याच वेळी एक नावही मिळाले, ‘सार्जंट पेपर्स’मध्ये नाव गळले आणि शेवटी हशा आला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’त नाव आहे, पण आवाज नाही, मग तेही एका परीने अपुरेच. हे मान्य करावे लागेल. ‘सार्जंट पेपर्स’मध्ये स्वर आहे आणि नाव नाही, कॉर्नरशॉपकडे नाव आहे आणि स्वर नाही. दोन्ही एकत्र यावीत, ही अपेक्षा त्या अल्बमकडून पुरी होत नाही. २००२ च्या ‘वन जायंट लीप’ या ब्रिटिश प्रकल्पात आशाबाई स्वतः, स्वतःच्या नावाने गायल्या. पण तेथे अल्बम म्हणून लागणारी आतली वीण सैल आहे. म्हणून येथील पहिला क्रमांक परिपूर्णतेचा पुरावा मानू नये. पाचांपैकी ऋणाची जाण सर्वाधिक ज्याला आहे, त्याला तो दिला आहे. या निकषाच्या बाहेर ‘द क्वीन इज डेड’सारखे कसदार अल्बम राहतात, हेही स्पष्ट आहे. त्यांच्यासाठी वेगळी यादी करावी लागेल, आणि ती करणाऱ्याला आपला निकष सांगावा लागेल.

मराठी परंपरेत नावे एकत्र आणण्याचा जुना प्रकार म्हणजे नामावळी. तीत नावे एकामागून एक येतात, कारण मुखाला एका वेळी एकच नाव उच्चारता येते. आधी आलेले श्रेष्ठ आणि नंतरचे कनिष्ठ, असा अर्थ तीत नसतो. एकही नाव गळले तर मात्र पाठ खंडित होतो. क्रमवारीला पहिल्या नावाची चिंता असते, नामावळीला गळलेल्या नावाची. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी आणि अनिल भागवत ही पाच नावे कोणत्याही यादीत पहिली येणार नाहीत. पण ती ज्या यादीला ठाऊक नाहीत, तिचा पहिला क्रमांक कितपत ग्राह्य धरावा, याचा विचार तौलनिक अभ्यासाने अवश्य करावा.