‘वाढवण’ किती अक्षरांचे?

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. डहाणू तालुक्यातल्या या किनारी गावाचे नाव त्यामुळे देशभर गेले. गेले ते प्रामुख्याने इंग्रजी कागदांवरून. त्या प्रवासात नावाच्या उच्चाराचे काय झाले, हा या टिपणाचा विषय.

कागदावर ‘वाढवण’ चार अक्षरी दिसते. जिभेवर ते दोनच अक्षरांचे आहे: वाढ्-वण्. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गळतो आणि अशा घडणीच्या शब्दांत दुसऱ्या अक्षरातलाही गळतो. आठवण, साठवण, पाठवण यांचे हेच होते. ‘आ-ठ-वण’ असे कोणी म्हणत नाही. हा नियम कोणी शिकवलेला नसतो, पण कान तो पाळतो.

इंग्रजीत या नावाच्या दोन वर्णजोडण्या रूढ आहेत. एकीत ‘डी-एच’नंतर ‘ए’ येतो, दुसरीत येत नाही. पहिली आपल्या लेखनाला प्रामाणिक आहे, दुसरी उच्चाराला. मराठी माणूस दोन्ही वाचून बरोबरच बोलतो, कारण नाव त्याला आधीच ठाऊक असते. परक्या वाचकाला मात्र तो जादा ‘ए’ तिसरे अक्षर देतो. अनोळखी परदेशी नाव समोर आले की इंग्रजी वाचक बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात देतो. इंग्रजीत आघाताचा स्वर ठसठशीत होतो आणि शेजारचे स्वर विरघळतात. मग ‘व-धा-वन’ असे काहीतरी ऐकू येते: मराठीत ज्या अक्षराचा स्वरच नाही, तेच सर्वांत मोठे झालेले.

व्यंजनांची गत निराळी नाही. विल्यम हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतराची पद्धत दंत्य आणि मूर्धन्य वर्णांत भेद करत नाही. ढ आणि ध एकाच खुणेने लिहिले जातात, ण आणि नही.

याचा पुरावा हिंदीत सापडतो. अनेक हिंदी बातम्यांत हे बंदर ‘वधावन’ झाले आहे. हिंदीच्या लिपीत ढ आहे, ण आहे, दीर्घ ‘वा’ आहे. नाव मराठीतून थेट घेतले असते तर बिघडण्याचे कारणच नव्हते. डहाणूपासून गुजरातची सीमा तलासरी तालुक्याइतकी जवळ, आणि नाव मात्र रोमन लिपीला वळसा घालून नागरीत परतले. व्युत्पत्ती काहीही असो, ‘वाढ’ ऐकणाऱ्या कानाला आता ‘वध’ ऐकू येतो.

उलट दिशेने आलेल्या ‘पोर्ट’ या शब्दाशी आपण कसे वागलो ते पाहावे. इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात त्यातला ‘र’ ऐकू येत नाही. आपण तो स्वच्छ उच्चारतो. त्यातला ‘टी’ हिरडीवरचा, म्हणजे ना आपला त, ना ट. आपण त्याला मूर्धन्य ‘ट’ बहाल केला. पाहुण्या शब्दाला मूर्धन्य वर्ण मिळाला आणि यजमान गावाचे दोन्ही मूर्धन्य वर्ण गेले.

बंदराला विरोध करणाऱ्यांची घोषणा या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे: ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’. ए-कच्, जिद्-द, वाढ्-वण्, बन्-दर्, रद्-द: पाचही शब्द उच्चारात दोन-दोन अक्षरांचे. ‘बंदर’ही फारसीतून आलेला, पण तो मराठी तालात कधीच मुरला आहे. या घोषणेत ‘वा-ढा-वन’ घालून पाहावे. पाऊल तिथेच अडखळते. बंदर हवे की नको, याचा निकाल छंदाने लागत नाही. पण गावाचे नाव नेमके कसे उच्चारायचे, याचा निर्वाळा या पाच शब्दांत आहे.

नाव सरकारी दप्तराला नवे नाही. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली हे बंदर नाकारले आणि ३१ जुलै २०२३ रोजी मान्य केले. पाव शतक हाताळलेल्या नावाला अनोळखी म्हणता येणार नाही. रोमन लिपीत निवड करायचीच तर ‘ए’ गाळलेली वर्णजोडणी बरी; ती निदान अक्षरे तरी बरोबर मोजते. नागरी लिपीत मात्र ‘वधावन’ला कसलीच सबब नाही. तिथे गावाकडे कान दिला तरी पुरे.