शाळेतली 'शारदा'

जुनी नाटके मुलांना रुचत नाहीत, अशी आम्हां शिक्षकांची नेहमीची तक्रार. मला वाटते, आपण त्यांना नाटक देतच नाही; देतो तो धडा. देवलांचे १८९९ सालचे 'संगीत शारदा' घ्या. शाळेसाठी संक्षेप करताना पदे गाळायची, विनोद छाटायचा आणि जरठविवाहाचे तात्पर्य तेवढे राखायचे, म्हणजे श्रीखंड काढून घेऊन रिकामी वाटी पानात ठेवण्यासारखेच!

देवलांचे सामर्थ्य विनोदातच आहे. भद्रेश्वर दीक्षित म्हाताऱ्या भुजंगनाथाला बोहल्यावर चढायला फुलवतो, तेव्हा मुले पोट धरून हसतात. आणि हसता हसताच त्यांना उमगते की, कांचनभट पैशासाठी पोटची पोर विकतो आहे. मग वर्ग गप्प होतो. ते हसू नसेल, तर ही शांतताही नाही.

भाषा सोपी करू नये. ती बोलण्यासाठीच लिहिलेली आहे. मोठ्याने वाचली की उलगडते. पदे दोन-चारच ठेवावीत, पण गाऊन.

१९२९ चा 'शारदा कायदा' या नाटकावरून नव्हे, हरविलास सारडांच्या नावावरून ओळखला गेला, हेही सांगावे. तेव्हा मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरले. आज ते १८ आहे. तरीही दहावीतल्या एखादीच्या घरी स्थळे येऊ लागतातच. अशा मुलीला मी शारदेची नव्हे, लग्न रोखणाऱ्या कोदंडाची भाषणे वाचायला देतो. शब्दार्थ काय, मागाहून लिहिता येतात.